धर्मग्राम रस्त्यावर उतरतो तेव्हा

वसईच्या पश्चिम पट्ट्यात १९८०च्या दशकाच्या अखेरीस दिवसरात्र पाण्याचे टँकर धावू लागले. वाड्यांमधल्या विहिरींतून उपसलेले पाणी रेल्वेलगत उभ्या राहणाऱ्या इमारतींकडे जायचे. उपसा वाढला तसे समुद्राचे खारे पाणी जमिनीखालून आत शिरले आणि पिढ्यान्‌पिढ्या गोड असलेल्या विहिरी मचूळ झाल्या. राजेळी केळी, पानवेल, मोगरा, भाजीपाला या सगळ्याची मदार त्या पाण्यावर होती. टँकरमागे पैसा होता आणि दहशतही होती. उघडपणे बोलायला कुणी धजत नव्हते. अशा वेळी चर्चच्या आवारातून बोलायला सुरुवात झाली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने ‘हरित वसई संरक्षण समिती’ उभी राहिली आणि १९८९ साली हजारोंचा मोर्चा वसईच्या तहसीलदार कचेरीवर गेला.

या मोर्च्यामुळे निघालेला प्रश्न आजही मिटलेला नाही. कॅथलिक धर्मग्रामाने, म्हणजे एका चर्चभोवती बांधलेल्या लोकसमूहाने, सामाजिक न्यायाच्या लढ्यात किती उतरावे? उतरल्यावर काय घडते? आणि तो कधी उतरत नाही? भारतातल्या आणि बाहेरच्या काही अनुभवांच्या आधारे याचा आढावा घेता येतो. माझे मत आधीच सांगून टाकतो. धर्मग्रामाची ताकद प्रवचनात फार थोडी आहे. ती आहे त्याच्या रोजच्या, कंटाळवाण्या वाटणाऱ्या व्यवस्थेत. ही व्यवस्था स्वतःच्या माणसांच्या भाकरीसाठी चटकन हलते, परक्याच्या भाकरीसाठी क्वचित हलते, आणि अन्याय चर्चच्याच आवारात असेल तर बहुतेक वेळा जागची हलत नाही.

व्यवस्था म्हणजे काय ते जवळून पाहिले पाहिजे. प्रत्येक धर्मग्रामाकडे बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यूच्या नोंदवह्या असतात. कोणते घर कुठल्या वाडीत, घरात किती माणसे, कोण परगावी गेले, हे तिथे माहीत असते. गाव वाड्यांमध्ये किंवा विभागांमध्ये वाटलेले असते आणि प्रत्येक विभागाचे प्रतिनिधी असतात. गेल्या काही दशकांत लहान ख्रिस्ती समूहांची पद्धत रुजली आहे. पंधरा-वीस घरांची माणसे एकमेकांच्या अंगणात जमून बायबल वाचतात आणि वाचन संपले की रस्त्याचे, पाण्याचे, मुलांच्या नोकऱ्यांचे बोलतात. रविवारी मिस्साला, म्हणजे प्रार्थनाविधीला, गावातला मोठा भाग एका छपराखाली येतो. शेवटच्या आशीर्वादाआधी सूचना वाचल्या जातात, त्यात वधूवरांच्या नावांबरोबर ग्रामसभेची तारीखही येऊ शकते. मिस्सा सुटल्यावर दाराशी एक टेबल मांडले की तासाभरात शेकडो सह्या होतात. एखाद्या कामगार संघटनेला किंवा पक्षाला एवढी बांधणी करायला वर्षे लागतात. धर्मग्रामाकडे ती आयती असते. तिला काय काम द्यायचे एवढाच प्रश्न उरतो.

या कामाला धर्मशास्त्राचा आधार आहे का, ही शंका अजूनही भाविक काढतात. तिचे उत्तर थोडक्यात देता येते. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या पत्रात कामगाराला कुटुंब पोसता येईल एवढे वेतन आणि संघटना बांधण्याचा हक्क मान्य केला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये जगाचे सुखदुःख हे चर्चचेही सुखदुःख मानले. १९७१ साली रोमला जमलेल्या बिशपांच्या सभेने न्यायासाठी कृती करणे हा शुभवर्तमान सांगण्याचाच भाग असल्याचे म्हटले. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ आले आणि पृथ्वीचा आक्रोश व गरिबाचा आक्रोश एकच असल्याची मांडणी अधिकृत झाली. वसईचा मोर्चा त्याच्या सव्वीस वर्षे आधीचा आहे, हे मुद्दाम नोंदवतो. दुसऱ्या बाजूला चर्चचा १९८३चा कायदा धर्मगुरूंना सत्तापदे घेऊ देत नाही आणि राजकीय पक्षांत सक्रिय होण्यापासूनही रोखतो. त्याच कायद्यात धर्मग्राम परिषदेला केवळ सल्ला देण्याचा अधिकार आहे. निर्णय प्रमुख धर्मगुरूंचा. या एका तरतुदीने पुढची बरीच कोंडी घडवली आहे. फादरांची बदली झाली की चळवळ थांबते, असे जे वारंवार दिसते त्याचे मूळ इथे आहे.

वसईत ती थांबली नाही. याची कारणे शोधताना पहिले नाव ‘सुवार्ता’ मासिकाचे घ्यावे लागते. दिब्रिटो १९८३ पासून २००७ पर्यंत त्याचे संपादक होते. एरवी धर्मसंस्थेचे मुखपत्र भक्तीच्या मजकुरापुरते असते. ‘सुवार्ता’त जमीन, पाणी, साहित्य आणि मराठी समाजातले वाद यांना जागा मिळाली. वसईचे कॅथलिक घरी कुपारी किंवा वाडवळी बोलत असले तरी त्यांचे सार्वजनिक बोलणे मराठीत होते. त्यामुळे हिरव्या वसईचा प्रश्न ‘ख्रिस्ती लोकांचा प्रश्न’ म्हणून बाजूला टाकता आला नाही. समितीत इतर धर्मांचे लोक होते आणि महाराष्ट्रातल्या परिवर्तनवादी चळवळींशी तिचे नाते जुळले. दुसरे कारण असे की या लढ्यात जमीन प्रत्यक्ष कसणारी माणसे होती. विहीर खारट होणे म्हणजे काय, ते त्यांना कुणी पत्रक काढून समजावण्याची गरज नव्हती. स्त्रिया मोठ्या संख्येने पुढे आल्या, कारण घरचे पाणी भरणाऱ्या त्याच होत्या.

यश किती मिळाले? टँकरची मुजोरी मोडली, दहशतीविरुद्ध बोलता येते हे लोकांना कळले, आणि पश्चिम पट्ट्यातली हिरवळ आज जेवढी उरली आहे त्यात या लढ्याचा मोठा वाटा आहे. पण १९९० साली सिडकोला या भागाचे नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले आणि बांधकामाचा वेग थांबला नाही. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. गावांनी विरोध केला, २०११ मध्ये २९ गावे वगळण्याचा निर्णय शासनाने घेतला, तो न्यायालयात अडकून पडला. २०११च्या जनगणनेत महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. बावखले, म्हणजे वाड्यांमधली पावसाचे पाणी साठवणारी जुनी तळी, एकामागून एक बुजत गेली. जुलै २०१८ मध्ये वसई दिवसेंदिवस पाण्याखाली राहिली तेव्हा तीस वर्षांपूर्वीचे इशारे लोकांना आठवले. शिवाय एक अवघड गोष्ट बोललीच पाहिजे. जमिनी बळकावल्या गेल्या हे खरे, तशाच त्या विकल्याही गेल्या, आणि विकणाऱ्यांत मोर्च्यात चाललेल्या घरांतली माणसेही होती. भातशेती परवडत नाही, मुलांना वाडीत राबायचे नाही, भाव चांगला मिळतोय. यावर नुसत्या ‘जमीन विकू नका’ या उपदेशाचा काही इलाज चालत नाही. शेतीतून पैसा मिळेल अशी सहकारी विक्रीची, प्रक्रियेची ताकद धर्मग्रामांनी उभी केली असती तर चित्र काही अंशी वेगळे दिसले असते, असे मला वाटते. विरोध उभा राहिला, पण त्या मानाने अर्थकारणाची पर्यायी घडी बसली नाही.

दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा धर्मगुरू अध्यक्ष कसा, असा आक्षेप काहींनी घेतला आणि धमक्याही आल्या. मराठी वाचकाने त्यांना स्वीकारले ते त्यांच्या ‘सुबोध बायबल’च्या भाषेसाठी आणि वसईच्या लढ्यासाठीही. जुलै २०२४ मध्ये ते गेले. वसईसारखा लढा दुसऱ्या कुठल्या धर्मप्रांतात मराठीत घडल्याचे उदाहरण माझ्यासमोर नाही.

समुद्रकिनाऱ्याची गोष्ट निराळी आहे. केरळात १९७०च्या दशकात यांत्रिक ट्रॉलर वाढले आणि छोट्या होडीवाल्यांची मासळी घटली. तिथल्या दक्षिण किनाऱ्यावर लॅटिन कॅथलिक मच्छीमारांची दाट वस्ती आहे आणि अनेक धर्मग्रामांत मासळीच्या उत्पन्नातून चर्चला हिस्सा देण्याची जुनी रीत होती. म्हणजे चर्च गरिबांचा आधारही होते आणि वसुली करणारेही. फादर थॉमस कोचेरी आणि त्यांच्याबरोबरच्या काही धर्मगुरू व सिस्टरांनी मच्छीमारांची संघटना बांधली. सुरुवातीला तिच्या नावात ‘लॅटिन कॅथलिक’ होते. १९८०च्या सुमारास ते काढून तिची स्वतंत्र मत्स्य कामगार फेडरेशन झाली, कारण हिंदू आणि मुसलमान मच्छीमारांवाचून ट्रॉलरशी लढणे अशक्य होते. १९८४च्या आंदोलनात सिस्टर उपोषणाला बसल्या. वरिष्ठ चर्चमध्ये अनेकांना हे रुचले नाही. १९८८ साली केरळने पावसाळ्यातल्या ट्रॉलिंगवर बंदी आणली. आज आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै होड्या किनाऱ्यावर लागतात तेव्हा त्या नियमामागे या लढ्याचाही हात आहे. नाव बदलण्याचा तो निर्णय मला सगळ्यात मोलाचा वाटतो. धर्मग्रामाने बांधणी दिली आणि मग स्वतः मागे सरून ती सर्वांची होऊ दिली.

त्याच किनाऱ्यावर २०२२ साली विळिंजम बंदराविरुद्ध उभे राहिलेले आंदोलन याच्या उलट रीतीने चालले. किनारा खचून घरे गेलेली कुटुंबे सिमेंटच्या गोदामांत वर्षानुवर्षे राहत होती. मागणी अत्यंत न्याय्य होती. पण ऑगस्ट ते डिसेंबर चाललेल्या या आंदोलनाची सूत्रे तिरुवनंतपुरमच्या लॅटिन महाधर्मप्रांताकडे, थेट आर्चबिशप आणि धर्मगुरूंकडे राहिली. नोव्हेंबरमध्ये पोलीस ठाण्यावर हल्ला झाला, दुसऱ्या बाजूने बंदर हवे म्हणणारे स्थानिक उभे राहिले आणि वादाला जातीधर्माचा रंग चढला. ६ डिसेंबरला आंदोलन मागे घेतले गेले. बंदराचे काम थांबवण्याची मुख्य मागणी पुरी झाली नाही. मे २०२५ मध्ये बंदराचे उद्घाटन झाले. नेतृत्व पाद्र्यांकडे गेल्यानेच हरले असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण समोर सरकार आणि बंदर बांधणारा अदानी समूह होते. तरी विरोधकांना ‘हा चर्चचा हट्ट’ म्हणणे सोपे गेले, हे नाकारता येत नाही.

तामिळनाडूत कुडनकुलम अणुप्रकल्पाविरुद्धचे आंदोलन २०११ पासून इडिंतकरै गावातल्या लूर्द मातेच्या चर्चच्या आवारात, मंडप घालून, महिनोन्‌महिने चालले. नेते एस. पी. उदयकुमार धर्मगुरू नव्हते, कॅथलिकही नव्हते. चर्चने जागा दिली, गावाने माणसे दिली. हजारोंवर राजद्रोहाच्या कलमासकट गुन्हे दाखल झाले. तूतुकुडी धर्मप्रांताशी निगडित संस्थांच्या परदेशी देणग्यांवर २०१२ मध्ये गदा आली. प्रकल्प सुरू झाला. पण चर्चच्या आवाराचा इतका चांगला उपयोग भारतात क्वचितच झाला असेल.

आता दुसरी बाजू. धर्मग्रामाची ही बांधणी नेहमी दुबळ्यांच्याच बाजूने वापरली गेली असे मानणारा इतिहास विसरतो. १९५८-५९ साली केरळात ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांच्या सरकारविरुद्ध जे ‘विमोचन समरम’ झाले त्यात चर्च अग्रभागी होते. वादाचे मूळ शिक्षण विधेयकात होते. खासगी शाळांतल्या शिक्षकांच्या नेमणुका आणि पगार यांवर सरकारी नियंत्रण येणार होते. जमीन सुधारणेचे विधेयकही होतेच. धर्मग्रामांतून माणसे काढली गेली, गोळीबारांत बळी गेले आणि ३१ जुलै १९५९ रोजी केंद्राने सरकार बरखास्त केले. शिक्षकाला हक्काचा पगार मिळावा ही मागणी रेरुम नोव्हारुमशी जवळची होती. चर्च त्या दिवशी व्यवस्थापनाच्या बाजूला उभे राहिले.

परदेशातले दोन अनुभव इथे कामाचे आहेत. एल साल्वाडोरमध्ये अगिलारेस या ऊसपट्ट्यातल्या धर्मग्रामात जेझुइट संघाचे फादर रुतिलिओ ग्रांदे शेतमजुरांचे लहान समूह बांधत होते. १२ मार्च १९७७ रोजी दोन सोबत्यांसह त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी त्यानंतरच्या एका रविवारी साऱ्या महाधर्मप्रांतातल्या मिस्सा रद्द करून फक्त कॅथेड्रलमध्ये एकच मिस्सा ठेवली. धर्मग्रामांच्या व्यवस्थेचा असा वापर करायला धैर्य लागते. तीन वर्षांनी, २४ मार्च १९८० रोजी, मिस्सा चालू असतानाच रोमेरोही मारले गेले. दुसरा अनुभव अमेरिकेतल्या सॅन अँटोनिओचा, आणि तो वसईकरांनी जरूर अभ्यासावा. शहराच्या पश्चिम भागातल्या मेक्सिकन वंशाच्या गरीब वस्त्या दर पावसात बुडत. १९७४ साली एर्नेस्तो कोर्तेस यांनी तिथल्या कॅथलिक धर्मग्रामांतून ‘कॉप्स’ ही संघटना बांधली. कोर्तेस यांनी नेहमीची पुढारी माणसे बाजूला ठेवून जत्रेचा जेवणखर्च सांभाळणारी, मुलांचे वर्ग चालवणारी, वाडीत ज्यांचा शब्द चालतो अशी माणसे हेरली. त्यांत स्त्रिया जास्त होत्या. त्यांनी महापालिकेची जुनी दप्तरे उघडून मंजूर होऊनही कधी न झालेली गटारांची कामे शोधली आणि अधिकाऱ्यांना भर सभेत तारखा विचारल्या. गटारे झाली. धर्मगुरू पाठीशी उभे होते, बोलायला मात्र प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू नसलेले भाविक, होते.

महाराष्ट्राच्या पठारावर, तेव्हाच्या अहमदनगर भागात, चर्चचे काम वेगळ्या वळणाने गेले. स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी दुष्काळी गावांत पाणलोट क्षेत्राचे काम उभे केले. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान आणि ग्रामसभेचा निर्णय यांवर ते आधारलेले होते. फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी १९९३ साली ‘वॉटर’ ही संस्था स्थापली. लाभार्थी गावे बहुतेक हिंदू होती. परक्याच्या भाकरीसाठी काम केल्याचे हे महाराष्ट्रातले मोठे उदाहरण. तरीही त्याच भागातल्या दलित ख्रिस्ती माणसाच्या वाट्याला आलेला अन्याय पाणलोटाने सुटणारा नव्हता. १० ऑगस्ट १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख, १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ साली धर्माची अट काढा असे सांगितले, काही झाले नाही. चर्च दर १० ऑगस्टला काळा दिवस पाळते. ठीक आहे. पण चर्चच्या आत? तामिळनाडूतल्या एरैयूर या धर्मग्रामात २००८ साली वन्नियार आणि दलित कॅथलिकांत संघर्ष होऊन पोलीस गोळीबारात दोघे मेले. बसण्याच्या जागा वेगळ्या, शवयात्रेचे रस्ते वेगळे. भारतीय बिशप परिषदेला दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करायला २०१६ उजाडले. सरकारकडे न्याय मागणाऱ्याने आधी आपली दफनभूमी एक करावी.

जेझुइट फादर स्टॅन स्वामी यांची आठवण या ठिकाणी टाळता येत नाही. झारखंडच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या आदिवासी कच्च्या कैद्यांसाठी ते झटत होते. ८ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांना रांचीत अटक झाली, तळोजाच्या तुरुंगात ठेवले गेले. कंपवाताने हात थरथरत असल्याने पाणी पिण्यासाठी त्यांना स्ट्रॉ आणि सिपर मागावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये, जामिनाची सुनावणी चालू असतानाच, ते वारले. वय ८४. वांद्र्याच्या सेंट पीटर चर्चमध्ये अंत्यविधीची मिस्सा झाली, जगभरातून लोकांनी ती पाहिली. स्टॅन स्वामी धर्मग्रामाचे फादर नव्हते, त्यांची माणसे कुठल्या चर्चच्या नोंदवहीत बसत नव्हती. म्हणूनच त्यांची अटक ही प्रत्येक धर्मग्रामाची कसोटी होती. जेझुइट मंडळी, काही बिशप, मानवी हक्क कार्यकर्ते ठामपणे बोलले. पण वसईच्या पाण्यासाठी ज्या संख्येने माणसे उतरली त्या संख्येने कुठलाच धर्मग्राम त्यांच्यासाठी उतरला नाही. कोविडचा काळ होता, भीती होती, दोन्ही खरे.

भीतीला कारणेही वाढली आहेत. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली बदल झाला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, एका संस्थेने दुसरीला निधी देणे बंद झाले. त्यामुळे कार्यकर्त्याचा पगार, कायदेशीर सल्ला, अभ्यास अशा हक्कांच्या कामावरचा खर्च सर्वात आधी कापला गेला. मात्र धर्मग्रामाला मिस्सानंतर टेबल मांडायला परदेशी पैसा लागत नाही. वसईच्या मोर्च्याला लागला नव्हता.

म्हणून धर्मग्राम परिषदांवर बसणाऱ्या प्रापंचिकांना, विशेषतः वसई, मुंबई, गोवा आणि नगरमधल्या, एक विनंती आहे. आपल्या चर्चच्या शाळेतल्या विनाअनुदानित तुकडीच्या शिक्षिकेला, मावशींना आणि पहारेकऱ्याला महिन्याला किती पगार मिळतो, तो किमान वेतनाएवढा आहे का, हा प्रश्न पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर घ्या. चर्चची जमीन कुणाला, किती वर्षांसाठी, किती भाड्याने दिली आहे, तेही वाचून दाखवायला सांगा. धर्मग्रामाच्या हद्दीतल्या चाळींत राहणारे बांधकाम मजूर, मग ते ओडिशाचे असोत की जालन्याचे, नोंदवहीत नसले तरी त्यांच्या घरी कोण जाऊन आले ते विचारा. फादर विषय काढतील याची वाट पाहू नका. परिषदेचा अधिकार सल्ल्यापुरता असला, तरी लेखी प्रश्न विचारायला कुठलाही कायदा आड येत नाही.